घर, कोठा आणि विहीर : विजेच्या तारांची परीक्षा

भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. साकोलीच्या आसपास कोणत्याहि वाटेनें थोडें दूर गेलें कीं एखादा जुना मालगुजारी तलाव दृष्टीस पडतो. कोहळी समाजाच्या पूर्वजांनीं बांधलेल्या या तलावांची ज्या गांवाला काळजी आहे, त्या गांवचे जाणते लोक मृगाच्या आधीं तलावाची पाळ या टोकापासून त्या टोकापर्यंत पायीं चालून पाहतात. कोठें खेकड्याचें भोंक आहे, कोठें उंदराचें बीळ आहे, कोठें झाडाच्या मुळानें भेग पडली आहे, हें पाणी चढण्यापूर्वींच पाहावें लागतें. पाळ फुटल्यावर तिची परीक्षा करण्यांत कांहीं अर्थ नसतो.

घरांतील विजेचीहि गोष्ट नेमकी अशीच आहे. दिवा लागतो, पंखा फिरतो, विहिरीवरचा पंप पाणी चढवितो, म्हणून वीज ठीक आहे असें घरांतील माणसें समजतात. परंतु दिवा लागणें ही तारांच्या सुस्थितीची खूण नव्हे. अर्थिंगची तार तुटली असली तरी दिवा लागतो. तारेचें वेष्टन उंदरानें कुरतडलें असलें तरी पंखा फिरतो. फ्यूजच्या जागीं कोणीं जाड तांब्याची तार गुंडाळली असली, तर पंप उलट अधिकच बिनतक्रार चालतो. विजेचे जे दोष माणसाचा जीव घेतात, ते बहुधा मुके असतात. त्यांना वेळींच बोलतें करणें, यालाच तारांची परीक्षा म्हणतात.

मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटांत १८८२ सालीं विजेचे दिवे लागले. ७ मे १९०७ रोजीं त्या शहरांत विजेची ट्राम धांवली आणि १९१५ सालीं खोपोलीच्या जलविद्युत् केंद्रांतून मुंबईला वीज मिळूं लागली. साकोलीकडील खेड्यांना ही सोय पुष्कळ उशिरां लाभली. भंडारा जिल्हा आधीं मध्यप्रांतांत, मग मध्यप्रदेशांत होता. तो १९५६ सालीं मुंबई राज्यांत आला आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत. त्याच वर्षीं महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळ स्थापन झालें आणि पुढील दशकांत खेडोपाडीं विजेचे खांब उभे राहिले. त्या काळीं घरांत दोन-तीन दिवे, फार तर एक पंखा असे. आज त्याच घरांत शीतपेटी आहे, गीझर आहे, कपडे धुण्याचें यंत्र आहे, विहिरीवर पंप आहे. वस्तू नव्या आल्या. भिंतींतील तारा मात्र अनेक घरांत जुन्याच राहिल्या.

साकोलींतील असें एक घर डोळ्यांपुढें आणावें. रस्त्याच्या बाजूस स्लॅबच्या दोन नव्या खोल्या, मागें कवेलूंचें जुनें घर आणि त्यामागें सांदवाडी. सांदवाडींत एका बाजूस न्हाणीघर, दुसऱ्या बाजूस गुरांचा कोठा, त्याला लागून धान ठेवण्याची खोली व तणसाचा ढीग, आणि घरापासून साठ मीटरांवर विहीर. मीटर पुढच्या ओसरीवर. नव्या खोल्यांतील तारा एका कारागिरानें भिंतींत नळी घालून ओढल्या आहेत. जुन्या घरांतील तारा लांकडी पट्टीवर आहेत. आणि कोठ्याकडे जाणारी तार घरच्याच एका उत्साही मुलानें आंब्याच्या फांदीवरून नेली आहे. एका घराच्या तीन तऱ्हा झाल्या. अशा घराची परीक्षा कोठून सुरू करावी?

आधीं हद्द समजून घ्यावी. मीटरापर्यंतची तार वीज पुरविणाऱ्या कंपनीच्या ताब्यांतली. तिला घरमालकानें हात लावूं नये. मीटरापलीकडे जें कांहीं आहे त्याची जबाबदारी घरमालकाची. या हद्दीच्या आंतहि कामाचे दोन भाग पडतात. डोळ्यांनीं पाहणें, नाकानें वास घेणें, नकाशा काढणें, बटण दाबून पाहणें आणि वहींत नोंद करणें हें घरांतील कोणाहि समंजस माणसाला करतां येतें. झांकण उघडणें, तार सोडविणें आणि मापक यंत्र लावणें हें मात्र परवाना असलेल्या वायरमनचें काम आहे. कायदाहि तेंच सांगतो आणि शहाणपणहि.

परीक्षेची पहिली पायरी म्हणजे नकाशा. मेन स्विचच्या पेटींत जितके फ्यूज किंवा एम.सी.बी. असतील, तितके विजेचे मार्ग घरांत आहेत. दिवसाउजेडीं एकेक एम.सी.बी. पाडावा आणि कोणते दिवे, कोणते पंखे, कोणते प्लग बंद पडतात हें घरभर फिरून पाहावें व कागदावर उतरून घ्यावें. अर्ध्या तासाच्या या कामांत पुष्कळ गोष्टी उघड होतात. वर कल्पिलेल्या घरांत कोठ्याचा दिवा, न्हाणीघरांतील गीझर आणि स्वयंपाकघरांतील प्लग हे तिन्ही एकाच मार्गावर सांपडतील, असा संभव फार. कारण जेथून तार जवळ पडली तेथूनच ती पुढें ओढली गेलेली असते. ज्या मार्गावर गीझर आहे त्यावर कोठा असूं नये, आणि ज्यावर विहीर आहे त्यावर घरांतील दिवे असूं नयेत. बाहेरच्या प्रत्येक इमारतीला आपला स्वतंत्र मार्ग आणि आपला स्वतंत्र स्विच असावा, म्हणजे कोठ्यांत बिघाड झाला असतां तो घर अंधारांत न लोटतां तोडतां येतो.

दुसरी पायरी डोळ्यांची व नाकाची. पिवळा पडलेला किंवा काळवंडलेला सॉकेट, हाताला कोमट लागणारा प्लग, जळक्या बेकेलाइटचा उग्र वास, पंखा लावतांच मंदावणारा दिवा, स्विच दाबतांना येणारा तडतड आवाज, हीं सर्व एकाच रोगाचीं लक्षणें आहेत; जोड सैल झाला आहे. सैल जोडाचा विरोध एक ओहम एवढा जरी झाला आणि त्यांतून दहा ॲम्पिअरचा प्रवाह गेला, तरी त्या लहानशा जागेंत शंभर वॅटची उष्णता निर्माण होते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. शंभर वॅटच्या जुन्या दिव्याला हात लावून पाहिलेल्या माणसाला, ही उष्णता लांकडी पट्टीच्या आंत कोंडली म्हणजे काय होईल, हें सांगावयास नको. एम.सी.बी.ला हा दोष कळत नाहीं, कारण प्रवाह वाढलेलाच नसतो. तो माणसाच्या नाकालाच कळावा लागतो.

तिसरी पायरी फार महत्त्वाची आहे. कारण येथेंच जाणत्या माणसांचेहि जीव गेले आहेत. मेन स्विच पाडला म्हणजे तारा निर्जीव झाल्या, असें गृहीत धरूं नये. आजकाल अनेक घरांत इन्व्हर्टर असतो. मेन पाडतांच तो आपण होऊन जागा होतो व तारांत पुन्हां वीज सोडतो. छपरावर सूर्यशक्तीचीं पानें असलीं तर तेथूनहि वीज येऊं शकते. कधीं शेजारच्या मार्गाचा न्यूट्रल या मार्गांत उसना घेतलेला असतो. म्हणून वायरमनची एक जुनी व शहाणी रीत आहे. मापक प्रथम जिवंत असल्याचें ठाऊक असलेल्या ठिकाणीं लावून पाहावा, मग ज्या तारेला हात घालावयाचा तिला लावावा, आणि मग पुन्हां त्या पहिल्या ठिकाणीं लावून पाहावा. मधल्या वेळीं मापक गप्प राहिला तो तार निर्जीव होती म्हणून, कीं मापकच बिघडला होता म्हणून, हें या तिहेरी परीक्षेनेंच ठरतें.

खिशांत मिरविण्याच्या टेस्टरवर तर याबाबतींत मुळींच विसंबूं नये. त्यांतील निऑनचा दिवा सुमारें ६० ते ९० व्होल्टांच्या खालीं पेटतच नाहीं. म्हणजे ४० व्होल्टांनीं भरलेली ओली लोखंडी बादली त्याच्या दृष्टीनें निर्दोष असते. न्यूट्रल तुटला आहे कीं शाबूत आहे, हेंहि तो सांगूं शकत नाहीं. कोरड्या लांकडी पाटावर उभें राहिलें तर तो मंद पेटतो, उन्हांत पेटलेला दिसत नाहीं, आणि कित्येकदां शेजारच्या तारेच्या केवळ सान्निध्यानें तुटलेल्या तारेवरहि तो उजळतो. तो संशयाला वाट दाखवितो. पण त्याची साक्ष पुरेशी मानूं नये.

आतां अर्थिंगकडे वळावें. अर्थिंग म्हणजे विजेची आणीबाणीची वाट. पंपाच्या किंवा गीझरच्या आंत फेजची तार धातूच्या अंगाला लागली, तर तो प्रवाह माणसाच्या देहांतून न जातां अर्थच्या तारेनें जमिनींत जावा आणि जातांना इतका मोठा व्हावा कीं त्यानें फ्यूज तत्काळ उडावा, अशी ही योजना आहे. या वाटेचे दोन भाग आहेत. एक, उपकरणापासून मेनच्या पेटीपर्यंतची हिरवी तार. आणि दुसरा, पेटीपासून जमिनींत पुरलेला पाट किंवा नळ. दोहोंची परीक्षा वेगवेगळी करावी लागते.

हिरव्या तारेची परीक्षा सोपी आहे. वीज पूर्ण बंद करून वायरमन मल्टीमीटर एका टोकाला व दुसऱ्या टोकाला लावतो. दीड चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा विरोध दर किलोमीटरला सुमारें १२ ओहम असतो. म्हणजे वीस मीटर तारेचा विरोध पाव ओहमाच्या आसपास यावा. तेथें दोन-तीन ओहम आले तर कोठेंतरी जोड कुजला आहे, आणि मापक कांहींच दाखवीत नसेल तर तार तुटली आहे किंवा कधीं जोडलीच नव्हती. जुन्या घरांत तीन भोकांचा सॉकेट असतो. पण त्याच्या वरच्या मोठ्या भोकामागें तारच नसते, असें पुष्कळदां आढळतें. तें भोक मग केवळ शोभेचें असतें.

जमिनींतील नळाविषयीं मात्र एक मोठा गैरसमज सर्वत्र रूढ आहे. शंभर वॅटचा दिवा घ्यावयाचा, त्याची एक तार फेजला व दुसरी अर्थला लावावयाची, आणि दिवा लख्ख पेटला म्हणजे अर्थिंग उत्तम, असा निर्वाळा द्यावयाचा. ही परीक्षा दिसावयास इतकी खात्रीची आहे कीं तिच्यावर कोणीहि विश्वास ठेवावा. पण हिशेब करून पाहिला म्हणजे तिचें पितळ उघडें पडतें. २३० व्होल्टांवर पेटलेल्या शंभर वॅटच्या दिव्याचा विरोध सुमारें ५२९ ओहम असतो. समजा, अर्थिंगचा विरोध ५० ओहम आहे, म्हणजे फारच वाईट आहे. तरीहि एकूण ५७९ ओहमांपैकीं दिव्याच्या वाट्याला सुमारें २१० व्होल्ट येतात. २३० व्होल्टांचा उजेड आणि २१० व्होल्टांचा उजेड यांतील भेद नुसत्या डोळ्याला उमगणें कठीण. दिवा लख्ख दिसतो, घरमालक निश्चिंत होतो. आणि त्याच अर्थिंगवर गीझरमध्यें फेजची तार अंगाला लागली, तर किती प्रवाह जाईल? २३० ला ५० नें भागावें; साडेचार ॲम्पिअरांहून किंचित् अधिक. सोळा ॲम्पिअरचा फ्यूज त्यानें कधींच उडणार नाहीं. गीझर, नळ आणि नळाखालची बादली हीं सर्व जिवंत होऊन स्वस्थ बसतील.

अर्थिंगचा विरोध दहा ओहम असला तर? २३ ॲम्पिअर जातील. तेवढ्यानें तरी सोळा ॲम्पिअरचा एम.सी.बी. पडेल, असें वाटणें साहजिक आहे. परंतु आपल्या अंकाच्या १.४५ पट प्रवाहावर एम.सी.बी.नें एका तासाच्या आंत पडावें, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. आणि सोळाची १.४५ पट म्हणजे २३.२. तो क्षणांत पडावा यासाठीं, त्याच्या जातीप्रमाणें, तीनपासून दहापटीपर्यंत प्रवाह लागतो. माणसाजवळ एक तास नसतो. ओल्या देहाचा विरोध हजार ओहमांच्या घरांत धरला तर २३० व्होल्टांवर त्यांतून २३० मिलिॲम्पिअर जातील, आणि हृदयाची लय बिघडविण्यास त्याहून पुष्कळ कमी प्रवाह पुरतो.

यावर तोडगा म्हणजे आर.सी.सी.बी. हें लहानसें उपकरण फेजनें गेलेला आणि न्यूट्रलनें परतलेला प्रवाह सतत ताडून पाहतें. तीस मिलिॲम्पिअरची तूट दिसतांच तें ०.३ सेकंदाच्या आंत, आणि तूट पांचपट झाली तर ०.०४ सेकंदाच्या आंत वीज तोडतें. त्यावर 'टी' अक्षराचें एक बटण असतें. तें महिन्यांतून एकदां दाबावें. बटण दाबतांच वीज गेली पाहिजे. न गेल्यास त्याच दिवशीं वायरमनला बोलवावें. परंतु येथेंहि एक सावधगिरी आहे. या बटणानें उपकरणाच्या आंतील यंत्रणा चालते एवढेंच सिद्ध होतें. अर्थची तार शाबूत आहे कीं नाहीं, याबद्दल तें कांहींच बोलत नाहीं. अर्थची तार असेल तर दोष उत्पन्न होतांच वीज तुटते. नसेल तर ती कोणाचा तरी हात लागेपर्यंत वाट पाहते. म्हणून आर.सी.सी.बी. बसविला तरी अर्थिंगची परीक्षा सुटत नाहीं.

जमिनींतील नळाची खरी परीक्षा अर्थ टेस्टर नांवाच्या यंत्रानें होते. नळापासून, उदाहरणार्थ, चाळीस मीटरांवर एक सळई ठोकतात आणि त्याच रेषेंत सुमारें पंचवीस मीटरांवर दुसरी. दूरच्या सळईंतून प्रवाह सोडावयाचा आणि जवळच्या सळईवर दाब मोजावयाचा. यंत्र त्यावरून ओहम सांगतें. सांदवाडी असलेल्या घराला एवढी जागा सहज मिळते.

यानंतर वेष्टनाची परीक्षा. पंपाच्या पाण्याला जसा नळाचा आडोसा, तसा विजेला वेष्टनाचा. तें झिजलें कीं वीज पाझरूं लागते. हा पाझर मोजणारें यंत्र म्हणजे मेगर. सिडनी एव्हरशेड या इंग्रज शास्त्रज्ञाच्या कारखान्यानें १९०३ सालीं हें नांव नोंदविलें आणि तेव्हांपासून तें या जातीच्या साऱ्या यंत्रांना चिकटलें. घरगुती तारांवर मेगरनें ५०० व्होल्टांचा एकाच दिशेचा दाब देतात. त्यापूर्वीं मेन बंद करावा, सर्व उपकरणांचे प्लग काढावे, दिवे उतरवावे, इन्व्हर्टर व नाजूक वस्तू सोडवाव्या आणि स्विच मात्र सर्व चालू ठेवावे, नाहीं तर स्विचपलीकडची तार परीक्षेंतून निसटते. फेज व न्यूट्रल एकत्र धरून अर्थशीं, मग फेज व न्यूट्रल एकमेकांशीं, असें मापन होतें. आपल्याकडील जुना नियम असा कीं, घरांत जितके बिंदू असतील त्या संख्येनें पन्नासाला भागावें. येणाऱ्या अंकाइतके मेगओहम तरी हवे. मात्र सर्व घर मिळून एका मेगओहमाहून अधिकाचा आग्रह धरण्याचें कारण नाहीं. पंचवीस बिंदूंच्या मार्गसमूहाला दोन मेगओहम, असा हा हिशेब.

आंकडा कमी आला तर दोष शोधण्याची युक्ति साधी आहे. अर्धें तोडावें. कोठा व विहीर यांच्या तारा पेटींतून सोडवाव्या आणि पुन्हां मोजावें. घराचा आंकडा एकदम वर गेला तर दोष बाहेर आहे. मग विहीर सोडवून एकटा कोठा मोजावा, आणि दोष असलेल्या भागाचे पुन्हां दोन भाग करावे. चार-पांच मापनांत दोषी तुकडा हातीं लागतो. भिंती फोडाव्या लागत नाहींत.

आतां साकोलीच्या हवामानाकडे लक्ष देणें अगत्याचें आहे. भंडारा जिल्ह्यांत वर्षाला साधारण १२०० ते १४०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतेक चार महिन्यांतच. उलट वैशाखांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि जमीन भाजून निघते. या दोन ऋतूंत विजेचे दोन वेगळे दोष डोकें वर काढतात. अर्थिंगचें बळ मातीच्या ओलाव्यावर असतें. श्रावणांत मोजलेलें अर्थिंग उत्तम दिसेल, पण तेंच वैशाखांत निकामी ठरूं शकेल. वेष्टनाचें बळ मात्र कोरडेपणावर असतें. वैशाखांत मोजलेलें वेष्टन निर्दोष दिसेल, पण कवेलूंतून ठिबकणाऱ्या पाण्यानें लांकडी पट्टी भिजली म्हणजे श्रावणांत तेंच पाझरूं लागेल. म्हणून एकच परीक्षा आणि तीहि सोईच्या दिवशीं, ही रीत येथें उपयोगाची नाहीं. अर्थिंग मोजावें तें मे महिन्यांत आणि वेष्टन मोजावें तें पावसाची झड लागून गेल्यावर. प्रत्येक गोष्ट तिच्या कठीण काळीं पाहावी, हें परीक्षेचें तत्त्व शाळेंत जसें खरें तसेंच येथेंहि खरें. उन्हाळ्यांत अर्थिंगच्या खड्ड्यांत अधूनमधून पाणी घालणें हाहि एक साधा पण गुणकारी उपाय आहे.

घराबाहेरच्या इमारतींत धोका घरापेक्षां अधिक असतो, कारण तेथें ओल अधिक, उंदीर अधिक आणि माणसाचें लक्ष कमी. कोठ्यांतील गाय एखाद्या दिवशीं पाण्याच्या टांक्याजवळ जाते, तोंड लावते आणि दचकून मागें सरते. घरांतील माणसें म्हणतात, गाय आजारी आहे, किंवा तिला दृष्ट लागली. गाईच्या पुढील व मागील पायांतील अंतर माणसाच्या पावलाहून मोठें, खूर ओल्या शेणामुतांत आणि तोंड पाण्यांत. त्यामुळें माणसाला न जाणवणारे थोडे व्होल्टहि तिला जाणवतात. अशा वेळीं टांक्याचा लोखंडी नळ आणि गाय उभी राहते ती ओली जमीन यांमधील व्होल्ट वायरमनकडून मोजून घ्यावे. मुकें जनावर तेथें मापकाचें काम करीत असतें. त्याच्या साक्षीची हेटाळणी करूं नये.

धान्याच्या खोलींत व तणसाजवळ उंदीर तारा कुरतडतात. तेथें तार लोखंडी किंवा जाड नळींतूनच न्यावी, दिवा झांकणाचा असावा आणि तणसापासून दूर असावा. विहिरीचा पंप नुसता गुरगुरतो पण फिरत नाहीं, तेव्हां दोष पंपांतच असेल असें नाहीं. साठ मीटर दूर म्हणजे जाऊन-येऊन १२० मीटर तार झाली. एक चौरस मिलिमीटर तांब्याची तार वापरली असेल तर तिचा विरोध दोन ओहमांहून अधिक होतो. पंप चालतांना सात ॲम्पिअर घेत असला तर पंधरा व्होल्ट वाटेंतच खर्च होतात, आणि सुरू होतांना पांचपट प्रवाह मागत असला तर पाऊणशें. अडीच चौरस मिलिमीटर तारेनें ही गळती निम्म्याहून कमी होते. तसेंच पंपासाठीं फेज घरांतून न्यावयाचा आणि न्यूट्रलच्या जागीं विहिरीकांठीं जमिनींत सळई ठोकावयाची, ही काटकसर प्राणघातक आहे. त्या सळईभोंवतालची ओली जमीनच जिवंत होते.

कपडे वाळत घालण्याची लोखंडी तार खिडकीच्या गजापासून विजेच्या खांबापर्यंत बांधण्याची चाल तर आजच सोडावी. विजेची तार घासून तिच्यावर टेकली कीं ओला कपडा टाकणारा हात प्रथम सांपडतो. त्या जागीं सुंभाची किंवा नायलॉनची दोरी बांधावी. रानडुकरांपासून धान राखण्यासाठीं घरची वीज शेताच्या कुंपणांत सोडणें हा तर गुन्हाच आहे. नागझिऱ्याच्या जंगलाशेजारच्या मुलखाला हें विशेष सांगावयास हवें. २०१७ सालीं नागभीडकडे 'श्रीनिवास' नांवाचा वाघ अशाच विजेच्या तारेनें मेला. अशा तारेला वाघ आणि माणूस हा भेद कळत नाहीं.

हा सर्व खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. साकोलीहून भंडारा सुमारें चाळीस किलोमीटर. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर तेथील जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात बालकांच्या कक्षांत आग लागली आणि दहा बालकें दगावलीं. आगीचा संशय विजेच्या बिघाडावर गेला. त्या रात्रीनंतर विजेच्या तपासणीविषयीं राज्यभर बोललें गेलें. दुर्दैवानें तपासणीची आठवण दुर्घटनेनंतर होते आणि दुर्घटना विसरली कीं तपासणीहि विसरली जाते. घराच्या बाबतींत तरी हा क्रम उलटा करणें घरमालकाच्या हातांत आहे.

यासाठीं एक वही पुरते. तिच्या पहिल्या पानावर घराचा व बाहेरच्या इमारतींचा नकाशा असावा. पुढील पानांवर तारीख, मार्ग, अर्थिंगचे ओहम, वेष्टनाचे मेगओहम आणि बटण दाबल्याची खूण. वेष्टनाचा आंकडा एका वर्षीं पन्नास, दुसऱ्या वर्षीं वीस आणि तिसऱ्या वर्षीं पांच आला, तर तिन्ही आंकडे नियमांत बसत असले तरी तार म्हातारी होत चालली आहे, हें वही सांगते. एकटा आंकडा तें सांगत नाहीं. ही वही घरांतील एकाच माणसाच्या कपाटांत नसावी. मेन स्विच कोठें आहे, तो कसा पाडावा आणि कोणाला विजेचा धक्का बसला असतां त्याला हात लावण्यापूर्वीं तो का पाडावा, हें घरांतील गृहिणीला, म्हाताऱ्या माणसांना आणि दहा वर्षांच्या मुलालाहि ठाऊक असावें.

मृगाच्या आधीं पाळ चालून पाहणारा माणूस तलावाला पाणी आणीत नाहीं. पाणी आकाशांतूनच यावयाचें असतें. तो एवढेंच पाहतो कीं, आलेलें पाणी आपल्या वाटेनें शेताला जावें आणि गांवांत शिरूं नये. विजेच्या तारांची परीक्षा करणारा गृहस्थहि याहून वेगळें कांहीं करीत नाहीं. मे महिन्यांतील एक सकाळ आणि श्रावणांतील एक दुपार एवढाच त्याचा खर्च आहे.